हयातीचा थेंब

स्वयंपाकघराच्या खिडकीला सहा उभे गज होते. उजव्या डोळ्याने पाहिलं की सहाही सरळ दिसत. डावा डोळा एकटा उघडा ठेवला की तिसरा गज मधोमध किंचित फुगे, काचेची नळी ज्योतीवर धरून कुणी हलकेच फुंकर घातल्यासारखा. वृषाली रोज सकाळी चहाचं पाणी उकळेपर्यंत हे तपासत असे. गणपतीपर्यंत तिथे नुसता फुगवटा होता. आता फुगवट्याच्या मध्यभागी एक राखाडी ठिपका आला होता, आणि ठिपक्यात गज नव्हताच.

"परत एक डोळा झाकून काय बघायलीस?" मागून राजश्रीने विचारलं.

"पाऊस येईल का बघत होते."

"नोव्हेंबरात? खुळी का काय! बूट घाल, चहा झाल्यावर. ऊन चढायच्या आत रंकाळ्याला एक फेरी मारू."

राजश्री तिची नणंद. वृषालीच्या नवऱ्याची, अजितची, धाकटी बहीण. राजश्रीने लग्न केलं नव्हतं. तीस वर्षं ती राधानगरीकडच्या वाड्यावस्त्यांवर परिचारिका होती. लसीकरण, बाळंतपणं, पोलिओचे थेंब. अजित गेल्यावर ती आपली ट्रंक घेऊन वहिनीकडे कोल्हापूरला राहायला आली ती कायमचीच. वृषाली त्या वेळी सरकारी प्रयोगशाळेत जीवरसायनशास्त्रज्ञ होती. नंतर तीही निवृत्त झाली. आता दोघींची निवृत्तिवेतनं, एक शिधापत्रिका आणि दोन खोल्यांचं घर. राजश्री आल्यापासून घरातलं मीठ निम्म्यावर आलं, रक्तदाबाच्या गोळीची वेळ कधी चुकली नाही, आणि पाय दुखोत की डोकं, रंकाळ्याची फेरी टळली नाही.

जिन्यात खालच्या मजल्यावरचे इंगवले भेटले. वीज मंडळातून निवृत्त झालेले, मोठ्या आवाजाचे गृहस्थ. त्यांच्या हातात झाकण लावलेला डबा होता.

"चालला फिरायला? वहिनी, तुम्ही शिकलेली माणसं आणि अशी चूक करताय? मी दिवाळीपासून चालणं बंद केलंय. रोज तांबडा-पांढरा, वर शेव. थेंब द्यायच्या आत वर्षं खाली आली पाहिजेत."

"एका महिन्याच्या रश्श्याने आकडा हलत नाही, इंगवलेसाहेब," वृषाली म्हणाली.

"नाही हलला तर नाही हलला. रस्सा तर पोटात गेला!"

राजश्री खळखळून हसली. वृषालीही हसली. तिच्या कपाटात, साड्यांच्या मागे, चकल्यांचा डबा होता आणि त्यातल्या निम्म्या तिने गेल्या आठवड्यात एकटीने संपवल्या होत्या, हे कुणाला ठाऊक नव्हतं.

थेंबाची गोष्ट मुळात साधी होती. आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत सगळी जनुकं असतात, पण सगळी एकाच वेळी बोलत नाहीत. कुणी बोलायचं आणि कुणी गप्प राहायचं हे बऱ्याच अंशी डीएनएवर बसलेल्या मिथाइल नावाच्या बारीक रासायनिक ठिपक्यांवर ठरतं. वय वाढतं तशी या ठिपक्यांची मांडणी बदलत जाते, आणि ती जन्मतारखेच्या हिशेबाने बदलत नाही, शरीर झिजतं त्या वेगाने बदलते. दुसरी गोष्ट रक्तातल्या प्रथिनांची. मेंदूतल्या पेशी झिजू लागल्या की त्यांच्यातल्या एका प्रथिनाचे तुकडे रक्तात उतरतात, माणूस काही विसरू लागण्याच्या कितीतरी वर्षं आधी. या दोन्ही खुणा शास्त्रज्ञांना पूर्वीपासून माहीत होत्या. नवीन होतं ते यंत्र. जेवणाच्या डब्याएवढं, बोटातून एक थेंब घेणारं, आणि चहा निवायच्या आत दोन आकडे सांगणारं. माणूस आणखी किती वर्षं जगेल, आणि त्यातली किती वर्षं दुसऱ्याच्या आधाराने.

वृषालीच्या प्रयोगशाळेने या यंत्राची पडताळणी केली होती. आकडे आश्चर्य वाटावं इतके बरोबर येत.

पूर्वी नोव्हेंबर आला की निवृत्त माणसं बँकेत जाऊन आपण हयात आहोत एवढंच दाखवून येत. कारकून मान वर करून बघे, सही घेई, झालं. मग काम करणारी माणसं कमी आणि निवृत्त जास्त अशी वेळ आली. दवाखान्यांचा खर्च सरकारला झेपेना. तेव्हा कुणीतरी हुशार माणसाने हयातीचा दाखला आणि थेंब एकत्र केले. उपचार सगळ्यांना मोफत; पण ज्याच्यावर पुढे जितका खर्च होणार, तितकी आरोग्य-वर्गणी त्याच्या निवृत्तिवेतनातून आधीच कापायची. लोक तिला कात्री म्हणत. माणूस एकत्र राहतो, खर्चही एकत्र करतो, म्हणून कात्री शिधापत्रिकेवरच्या सगळ्यांवर मिळून लागे. प्राप्तिकर मात्र कात्रीच्या आधीच्या रकमेवर. हाती न आलेल्या पैशांवरही कर भरावा लागे, आणि त्याविरुद्धचा दावा न्यायालयात इतकी वर्षं पडून होता की दावा करणाऱ्यांतले बरेचसे आता हयात नव्हते.

झटकन मरणारा माणूस स्वस्त पडे. सगळ्यांत महाग पडे तो, ज्याचं हृदय दणकट आणि मेंदू झिजणारा.

राजश्रीचं हृदय दणकट होतं.

खरं तर तिचा हा दुसरा आकडा इतक्यात कळायलाच नको होता. मेंदूची तपासणी सत्तरीनंतरच सक्तीची होती. राजश्रीला अजून अवकाश होता. पण मागच्या वर्षी प्रभागात ऐच्छिक तपासणीचं शिबिर लागलं. बायका रांगेत उभ्या राहून कुजबुजत होत्या, पुढे कुणी होईना. राजश्री तिथे नुसती बघायला गेली होती. वाड्यावस्त्यांवर तिने आयुष्यभर एकच युक्ती वापरली होती: आया बिचकल्या की आधी स्वतःच्या दंडात सुई टोचून घ्यायची, आधी स्वतःच्या जिभेवर थेंब टाकायचे. तिथेही तिचा हात आपोआप पुढे गेला. "काय होत नाही बायांनो, हे बघा, आधी मी." बायका हसल्या आणि रांग पुढे सरकली. राजश्री खुशीत घरी आली, आणि तिने वहिनीला कौतुकाने सगळं सांगितलं.

निकाल तिच्या निवृत्तिवेतनाच्या क्रमांकाला जोडला गेला होता. चोवीस वर्षं आयुष्य. त्यातली पंधरा परावलंबी.

तिला आज काहीही झालेलं नव्हतं. ती सिलिंडरचा क्रमांक पाठ म्हणून दाखवी, तीस वर्षांपूर्वी कुठल्या वाडीत कुणाला जुळं झालं ते सांगे. पण पुढच्या महिन्यापासून दोघींच्या हाती मिळून निम्म्याहून कमी रक्कम येऊ लागली.

आणि वृषाली तिच्याकडे बघू लागली. ते तिला थांबवता येईना. किल्ली सापडत नाही म्हणून राजश्री पिशवी उपडी करी, तेव्हा वृषाली तिच्या हातांकडे बघे. एखादं नाव जिभेवर अडे, तेव्हा मनातल्या मनात सेकंद मोजे. एकदा आमटीत मीठ दोनदा पडलं. वृषालीने पहिला घास घेतला आणि चमचा खाली ठेवला.

"बघू नकोस तशी," राजश्री म्हणाली.

"मी काही बोलले का?"

"तू बोलत नाहीस, हीच तर भानगड आहे. त्या मशीनगत बघत बसतीस. अगं, दारात भाजीवाला आला, मध्येच उठले, परत आले, परत घातलं. तुझ्या हातून कधी झालं नाही?"

"झालंय."

"मग?"

"मग काही नाही. पाणी घाल थोडं."

डोळ्यांचं प्रकरण या सगळ्यानंतर सुरू झालं. डॉक्टर मुल्लाणी तरुण होत्या आणि वाईट बातमी सांगताना पेशंटच्या डोळ्यांत बघत. दृष्टिपटलाच्या मागे नको तिथे रक्तवाहिन्या उगवल्या होत्या आणि त्या झिरपत होत्या. डाव्या डोळ्यात जास्त, उजव्यात नुकतीच सुरुवात.

"दर दोन महिन्यांनी दोन्ही डोळ्यांत इंजेक्शन घेतलं तर आहे ते टिकेल. नाही घेतलं, तर दोन-तीन वर्षांत वाचता येणार नाही. मग चेहरे ओळखता येणार नाहीत. पूर्ण काळोख होणार नाही, पण ज्याच्याकडे बघाल तेवढंच नेमकं दिसणार नाही."

"योजनेत बसतं का?"

डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली. वृषालीला उत्तर ठाऊक होतं. या आजाराची खूण रक्तात उतरत नाही. जे थेंबात नाही, त्याची वर्गणी कापली जात नाही. आणि ज्याची वर्गणी नाही, त्याचा उपचार नाही. ती तर्कशुद्ध गोष्ट होती. तिने स्वतः ती नियमावली वाचली होती, तेव्हा ती तिला पटलीही होती.

दोन सुया तिने साठवलेल्या पैशांतून घेतल्या. पुढच्या दोन चुकवल्या. राजश्रीला सांगितलं, डॉक्टर म्हणतात सगळं स्थिर आहे.

कात्रीतून सुटायची वाट एकच होती आणि ती दोघींनाही माहीत होती. हयातीचा दाखला देताना शिधापत्रिकेची प्रमुख, म्हणजे घरातली मोठी बाई, आपल्या घरात राहणाऱ्यांची नावं तोंडाने सांगते. सही खोटी करता येते, अंगठा झोपेतल्या माणसाचाही घेता येतो, म्हणून आवाज. तिने ज्याचं नाव घेतलं नाही, तो पत्रिकेतून सुटतो आणि त्याची कात्री त्याच्याबरोबर जाते. राजश्रीच्या कात्रीला तिचं सबंध निवृत्तिवेतन पुरणार नव्हतं. अशा माणसाला सरकार सेवागृहात जागा देई. नाही म्हणायची सोय नव्हती.

राजश्री सेवागृह बघून आली होती. तिच्याबरोबर नोकरीला असलेली एक मैत्रीण तिथे होती. परत आली त्या दिवशी ती जेवताना बराच वेळ नुसता भात कालवत होती.

"कसं आहे तिथं?" वृषालीने विचारलं.

"स्वच्छ आहे. चादरी रोज बदलतात. मारत-बिरत नाहीत कोण." तिने घास उचलला आणि परत ठेवला. "चहा सगळ्यांना एकाच गोडीचा. मी म्हटलं, हिला साखर चालत नाही. तर ती पोरगी म्हणते, मावशी, इथं सगळ्यांना तसलाच. आणि ही बाई, जिनं आयुष्यभर बिनसाखरेचा प्याला, ती गप पीत होती. मला म्हणाली, चांगला असतो."

थोड्या वेळाने राजश्री म्हणाली, "वहिनी, तू यंदापण..."

वृषालीने वर पाहिलं.

"...मेथी जास्त आणलीस का?"

"हो. स्वस्त होती."

दिवाळी संपली आणि डॉक्टर मुल्लाणींचा फोन आला, तेव्हा वृषाली आंघोळीला गेली होती. राजश्रीने उचलला. वृषाली बाहेर आली तेव्हा ती खुर्चीवर बसली होती, फोन मांडीवर.

"दोन इंजेक्शनं चुकवलीस."

वृषाली केस पुसत राहिली.

"मला का सांगितलं नाहीस?"

"सांगून तू काय केलं असतंस?"

प्रश्न विचारल्यावर वृषालीच्या लक्षात आलं की गेले कित्येक महिने तिला हेच विचारायचं होतं. तिने टॉवेल खाली घेतला आणि थांबली.

"मी माझ्या पाटल्या मोडल्या असत्या," राजश्री म्हणाली.

"पाटल्या किती सुयांना पुरतील?"

"पुरतील तेवढ्या पुरतील की! तेवढे दिवस तरी दिसेल तुला."

"आणि मग?"

राजश्रीचा खालचा ओठ हलला, आत कुठेतरी एक वाक्य येऊन अडल्यासारखा. वृषालीने त्या वाक्याला भरपूर वेळ दिला. बाहेर कुणीतरी गादी झटकत होतं. ते झटकणं संपलं. राजश्री उठली आणि म्हणाली, "चल, डोक्याला तेल लावून देते. केस किती रुक्ष झालेत."

त्या दिवसापासून ती दुपारी वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखवू लागली. जिना उतरताना वृषालीचा कोपर धरू लागली. भाजी निवडायचं काम तिने स्वतःकडे घेतलं, तेही वृषालीला कळणार नाही अशा बेताने. ती काही मागत नव्हती. फक्त घरात जितकं उपयोगी पडता येईल तितकं पडत होती, नव्याने कामाला लागलेल्या बाईसारखी. वृषालीला ते बघवत नसे, आणि त्याच वेळी, पायरीवर पाय अडखळला की तो हात तिला हवा असे.

प्रयोगाच्या आधी निकष ठरवायचा असतो, निकाल पाहून नाही. हे वृषालीने पंचवीस वर्षं प्रयोगशाळेत नव्याने येणाऱ्यांना शिकवलं होतं. तिने निकष ठरवला. स्वतःचा आकडा दहाच्या आत आला तर दोन्ही नावं घ्यायची. दहा वर्षं अंधुक डोळ्यांनी काढता येतील. सोबतीला कुणी असेल, पुढे त्या सोबतीला आपलंच नाव आठवलं नाही तरी. दहाच्या वर आला तर... तिथे तिने वाक्य पुरं केलं नव्हतं. त्याऐवजी चकल्यांचा डबा आणला होता. रक्तदाबाची गोळी दोनदा जिभेखाली धरून नंतर बेसिनमध्ये टाकली होती. याने काही होत नाही हे तिच्याइतकं कुणाला माहीत असणार? महिनाभराच्या तेलकट खाण्याने वर्षानुवर्षांचे ठिपके हलत नाहीत. तरी ती खात होती. देवाला न मानणारं माणूस जाता जाता देवळाच्या पायरीला हात लावून घेतं, तसं.

दाखल्यासाठी ती जात नव्हती. आज गर्दी असेल, आज डोकं दुखतंय. राजश्रीनेही एकदासुद्धा आठवण करून दिली नाही. शेवटी महिन्याचा शेवटचा दिवस आला. त्यानंतर निवृत्तिवेतनच बंद झालं असतं.

केंद्रात बाकांवर म्हातारी माणसं दाटीवाटीने बसली होती. इंगवले बाहेर पडताना भेटले. चेहरा पडलेला.

"एक वर्ष वाढलं की हो," ते म्हणाले. "त्या रश्श्यानंच घात केला बहुतेक."

राजश्रीने त्यांच्या पाठीवर थाप मारली. "जगा की, साहेब. काय बिघडतंय?"

"कात्री वाढती, ते बिघडतंय," म्हणत ते निघून गेले.

आधी राजश्रीने थेंब दिला. तिचे आकडे जवळपास तेच होते. आयुष्य एकाने कमी, परावलंबी वर्षं तितकीच. खिडकीतल्या मुलीने ते न वाचता पुढे सरकवले. मग वृषालीने बोट पुढे केलं. टोचलेलं कळलंही नाही. यंत्राने थेंब आत ओढून घेतला आणि ते बारीक घुमू लागलं.

आठ, वृषाली मनात म्हणत होती. सात. नऊसुद्धा चालेल.

राजश्रीने तिच्या नाकावरचा चष्मा काढून घेतला आणि पदराने पुसायला लागली. "किती बोटं लागलीत बघ याला. असल्या काचेतून चांगल्या डोळ्याचं माणूसपण आंधळं होईल."

यंत्र थांबलं. पडद्यावर आकडा उमटला. वृषालीने तिकडे पाहिलं तेव्हा चष्म्याशिवाय उजव्या डोळ्याला आकडा नुसता पुसट दिसला, आणि डाव्यात त्याच्या जागी राखाडी डाग होता. तिने मान तिरकी केली, डाग आकड्याबरोबर सरकला.

"एकोणीस!" राजश्री जवळजवळ ओरडलीच. आजूबाजूची माणसं वळली. "एकोणीस वर्षं, वहिनी! आणि परावलंबी नुसतं एक! बघ, पाय दुखतात म्हणून रंकाळ्यावर रडायचीस. मी ओढत न्यायचे तर शिव्या घालायचीस. आली का नाही वर्षं? आता बोल की!"

तिचा चेहरा खरोखरच उजळला होता. त्यात दुसरं काही नव्हतं. वृषालीने उजव्या डोळ्याने तो नीट पाहून घेतला. भुवईवरचा तीळ, पुढच्या दातांमधली फट.

"अभिनंदन हं, काकू," खिडकीतली मुलगी म्हणाली. "आता नोंद करायचीय. समोर बघून बोला. तुमचं पूर्ण नाव, आणि मग घरात राहणाऱ्या सगळ्यांची नावं. मोठ्यानं आणि स्पष्ट."

एक लाल दिवा लागला.

"वृषाली अजित साळोखे."

"पुढे?"

राजश्रीने पुसलेला चष्मा तिच्या हातात ठेवला आणि हात तसाच तिच्या हातावर राहू दिला. तिची बोटं गार होती. ती आता हसत नव्हती. तिने मान खाली घातली होती, आणि याही वेळी तिने काही मागितलं नाही.

"काकू, पुढचं नाव? रेकॉर्डिंग चालू आहे."

वृषालीने चष्मा डोळ्यांवर चढवला.

"पुढे कुणी नाही," ती म्हणाली. "मी एकटीच राहते."